व्हायरल हाय, सुनेनं सांगितलंय

माझ्या सासऱ्यांनी जगातल्या यच्चयावत आजारांचे दोन गट पाडले होते. एक, कॅप्सूल घेतली की जाणारे. दोन, कॅप्सूल वेळेवर न घेतल्यामुळे न जाणारे. तिसरा गट नव्हता. मी लोणावळ्याच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे माझंही एक वर्गीकरण होतं आणि तेही दोनच रकान्यांचं: जीवाणू आणि विषाणू. दरवर्षी मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून ते लिहायचे आणि दरवर्षी सहामाहीत मुलं रकाने उलटेपालटे करून माझ्या तोंडावर मारायची. पण मुलांचे निदान गुण कापता येतात. सासऱ्यांचं काय कापणार?

आम्ही दोघं लोणावळ्यात राहतो आणि सासू-सासरे औंढ्याला, शेतावर. नवरा तळेगावकडच्या एका कंपनीत शिफ्टला असल्यामुळे रविवारी औंढ्याला जायचं ते बहुतेक मी एकटीच, स्कूटरवरून. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून मीही आबाच म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात बिस्किटं सोडून सगळं होतं. म्हणजे उरलेल्या गोळ्या. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या की आबा दोन दिवस घ्यायचे, ताप उतरला की बाकीच्या डब्यात. शेजारच्या मावशींच्या दाढदुखीच्या, माझ्या नवऱ्याच्या पायात खिळा घुसला होता तेव्हाच्या, कुणाकुणाच्या बाळंतपणातल्या. पाकिटांवरची नावं कापताना निम्मी गेलेली, त्यामुळे ओळख फक्त रंगावरून. लाल-काळी घशाला, पिवळी पोटाला, आणि हिरवी-पांढरी "लय झालं तर".

"आबा," मी म्हणायचे, "ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नसतं. जे चिवट असतात ते मागे उरतात आणि पुढच्या वेळी गोळीला दाद देत नाहीत."

"उरंनात की. त्यांच्यासाठीच तर गोळ्या उरवून ठेवल्यात."

मला राग फार लवकर येतो. शिक्षकी पेशात तो गुण धरला जातो, पण घरात त्याची तशी किंमत होत नाही.

खरा घोळ त्या "जंतू" शब्दाचा आहे. आपल्याकडे पाण्यात जंतू, जखमेत जंतू, सर्दीत जंतू, दातात जंतू. सगळ्यांना एकच शब्द, म्हणून सगळ्यांना एकच कॅप्सूल. पुस्तकात जावं तर तिथे जीवाणू आणि विषाणू, ऐकायला एका पाळण्यातले. ज्यांनी ही जोडी शोधून काढली त्यांनी नववी 'ब' ला कधी शिकवलेलं नसणार, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

एका रविवारी आबांना सर्दी झाली होती. नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आबा डब्यात बोट फिरवून लाल-काळी शोधत होते. मी झाकणावर हात ठेवला आणि पदर खोचून शिकवायला बसले.

"हे बघा आबा. जीवाणू बारीक असला तरी पुरता जीव आहे. त्याला स्वतःचं घर असतं, स्वतःची चूल असते. तो आपल्या अंगात येऊन झोपडी टाकतो, आपलं आपण खातो, आपलं आपण वाढतो. कॅप्सूल काय करते, तर त्याच्या झोपडीची भिंत पाडते, नाहीतर चूल विझवते. समजलं?"

"समजलं."

"विषाणू त्याच्याहून कितीतरी बारीक. त्याला घर नाही, चूल नाही. खिशात नुसती एक चिठ्ठी असते, मला कसं बनवायचं याची. तो तुमच्या घरात घुसतो आणि तुमच्याच भांड्यात, तुमच्याच गॅसवर, तुमच्याच हातून स्वतःसारखे हजार करून घेतो. त्याला भिंतच नाही, तर कॅप्सूल पाडणार काय? सर्दी विषाणूची असते. उगीच कॅप्सूल घेऊन उपयोग नाही."

आबांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे त्याला घर न्हाई, रान न्हाई, चूल न्हाई."

"नाही."

"मंग लय गरीब हाय की गं त्यो. त्याला कशापायी मारायचा?"

मी कपाळाला हात लावला. पण चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना बरोबर समजलं होतं. त्या काही वर्षं लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकाला जात होत्या. सुट्टीला माणसं येतात, दोन दिवस राहतात, तसला बंगला.

"आवो, ती शनवारची पावणी न्हाईत का," त्या आबांना म्हणाल्या. "हातात नुसता मोबाईल घिऊन येत्यात. आन मंग ह्ये द्या, त्ये तळा, अजून दहा जण येनार हायती. भांडी आपली, ग्यास आपला, कंबर आपली."

"आन जात्यात कशी?"

"सोमवार उजाडला की आपसूक जात्यात. हाकलाया लागत न्हाई."

मी अक्षरशः टाळी वाजवली. बी. एड. करून मला जे जमलं नव्हतं ते सासूबाईंनी भाकरी परतता परतता करून दाखवलं. साधा व्हायरल ताप असाच, आपसूक जाणारा. आता सगळेच विषाणू सोमवारी जात नाहीत, काही मुक्कामच ठोकतात, काही जीवही घेतात, म्हणून तर लस घ्यायची, हे मी पुढे सांगायला गेले. पण तोवर आबा उठून मळ्याकडे निघाले होते, आणि चांगला रंगलेला तास घंटेनंतर ताणू नये एवढं मला कळतं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी मी जेवताना सांगितलं की सगळेच जीवाणू वाईट नसतात, दूध विरजून दही होतं तेही जीवाणूंमुळेच. सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी मला भात वाढला. पण त्यानंतर तीन रविवार त्या घरात दही लागलं नाही. मी कोरडा भात घशाखाली ढकलत होते आणि विचारायची सोय नव्हती. शेवटी आबांनीच कुरकुर केली, तेव्हा सासूबाई फणकारल्या, "घरात सोताच्या हातानं जंतू सोडू व्हय? तुमची सूनच म्हनली." आबांनी मग तोडगा काढला की दह्यातले जंतू आपल्यातले आहेत, इतक्या पिढ्या खाल्ले तर आता नवं काय. दही परत आलं. शास्त्रीयदृष्ट्या तो तोडगा फारसा चूक नव्हता.

आबांचं मन हळूहळू वळलं. त्याला मोबाईलची मदत झाली. गावातल्या कुणाच्या तरी बैलाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता आणि जो तो "व्हायरल झाला, व्हायरल झाला" म्हणत होता. आबांनी मला विचारलं, हा तुझाच व्हायरल का? मी म्हटलं शब्द तोच. आबा हसले. "बरूबर हाय. त्याच्यापाशी सोताचं काय न्हाई. माझ्या फोनात घुसला, आन मीच धा जणांस्नी धाडला." हे वाक्य मी पुढे वर्गात वापरलं, आबांचं नाव न सांगता.

आणि एका रविवारी आबांनी तो डबा स्वतःहून माझ्या हातात ठेवला. "घिऊन जा. नगं मला." मी तो स्कूटरच्या डिकीत घालून लोणावळ्याला आणला तेव्हा मला निवडणूक जिंकल्यासारखं वाटत होतं. गुलाल तेवढा उधळायचा राहिला.

नव्याने पटलेला माणूस असतो तसे आबा झाले. चहाच्या टपरीवर कुणी शिंकलं की ते विचारायचे, "घरवाला हाय का बिनघराचा?" कुणी कॅप्सूल गिळताना दिसला की त्याला थांबवून चूल, चिठ्ठी आणि शनिवारचे पाहुणे सगळं सांगायचे. शेवटी म्हणायचे, "माझी सून सायन्सची बाई हाय." गावाला वात आणला त्यांनी. मला मात्र ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला सांगू.

मग लावणीचे दिवस आले. एके दिवशी, दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत आबांचा फोन आला.

"सूनबाई, ताप हाय. थंडी वाजून येतोय. डोस्कं तर नुसतं ठणकतंय."

"सर्दी-खोकला?"

"त्ये काय न्हाई."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझा निम्मा वर्ग तापाने घरी होता, स्टाफरूममध्ये दोन शिक्षक शाल पांघरून बसले होते, आणि माझ्या हातात खडू होता. हातात खडू असला की मला सगळं येतं.

"व्हायरल आहे आबा. सगळीकडे तेच चाललंय. तीन दिवस आराम करा, पाणी भरपूर प्या, तापाची साधी गोळी घ्या. बाकी काही नको."

"म्हंजे बिनघराचा."

"बिनघराचाच."

त्यांच्या आवाजात समाधान होतं. धडा पाठ असलेल्या मुलाच्या आवाजात असतं तसं.

पुढचे तीन दिवस काय झालं ते मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, दवाखान्यात जाऊ. आबा म्हणाले, "व्हायरल हाय, सुनेनं सांगितलंय." शेजारच्या मावशी एक हिरवी-पांढरी घेऊन आल्या, तर आबांनी कण्हत कण्हत त्यांना चिठ्ठीपासून सगळं समजावलं आणि कॅप्सूल परत पाठवली. भावकीतला एक जण गाडी काढतो म्हणाला, त्यालाही तेच. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचं ऐकलं नाही त्याने माझं एक वाक्य धरून ठेवलं, आणि अंगात आग पेटलेली असताना ते सोडलं नाही. मी मात्र तिकडे लोणावळ्यात घटक चाचणीचे पेपर काढत होते. रोज एक फोन करायचे. "बरं हाय," आबा म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं, कारण मला ते तसंच ऐकायचं होतं.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आला. त्या स्वतःहून फोन कधी लावत नाहीत.

"डोळं लालभडक झाल्यात. पोटऱ्यांला हात लावू देत न्हाईत."

"आई, व्हायरलमध्ये अंग दुखतंच," मी म्हटलं. हो, तेव्हाही मी हेच म्हटलं. लिहिताना हात अडतो, पण म्हटलं.

"आगं, पर तुझा सोमवार कवाच उलटला," सासूबाई म्हणाल्या. "आन सकाळधरनं लघवीला गेलं न्हाईत."

मी मुख्याध्यापकांना न विचारता शाळेतून निघाले. लोणावळ्यातून गाडी ठरवून औंढ्याला गेले. आबांना दोघांनी धरून गाडीत बसवलं तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. डोळ्यांचा पांढरा भाग लाल आणि कडेला पिवळट. त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून ते म्हणाले, "चिवट निघाला गं पावणा."

लोणावळ्यातल्या दवाखान्यात डॉक्टर होत्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी आबांना पहिला प्रश्न विचारला तो मला सुचलाच नव्हता. प्रश्न इतका साधा होता.

"काका, सध्या शेतात काय काम चाललंय?"

"भाताची लावणी."

"पाण्यात किती दिवस उभे होतात?"

"आठ-धा दिस झालं असत्याल."

"पायाला भेगा, जखम?"

आबांनी टाच दाखवली. तीत करंगळी जाईल एवढी भेग होती.

"खाचरात उंदीर आहेत?"

"असत्यात की. त्यांचीबी वस्तीच हाय तितं."

डॉक्टरांनी पोटरी जराशी दाबली आणि आबा ओरडले. त्या माझ्याकडे वळल्या. "लेप्टो वाटतोय. उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो, पाण्यातून भेगेवाटे अंगात. जीवाणू आहे. रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, मी अँटिबायोटिक आत्ताच सुरू करते. पहिल्या दिवसांत मिळालं असतं तर सोपं होतं. आता किडनीवर आलंय."

जीवाणू. माझ्या डाव्या रकान्यातला. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहीत आले: आकार, रचना, वाढ, औषध. प्रत्येक ओळीत दोघं वेगळे. पण "पहिल्या तीन दिवसांत कसे दिसतात" ही ओळ मी कधी लिहिलीच नव्हती, कारण ती दोन्ही रकान्यांत सारखीच आली असती. ताप, थंडी, डोकेदुखी. दोघं दारात उभे राहतात तेव्हा एकाच चेहऱ्याचे असतात. मग विचारावं लागतं की बाबा, तू आलास कुठून? औंढ्यात लावणी चालू आहे हे मला माहीत होतं. मागच्याच रविवारी मी बांधावर उभी राहून आबांचा चिखलातला फोटो काढला होता. आणि मी विचारलं काय, तर सर्दी-खोकला.

आबांना मी सांगितलं की हा जीवाणू निघाला. ते ग्लानीत होते. तरी डोळे किलकिले करून म्हणाले, "घरवाला? आरं वा. मंग पाडा की भित." मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. आणि भीती वाटत होती. हा माणूस माझ्यामुळे मेला तर मी सासूबाईंच्या समोर कशी उभी राहणार, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उद्या संध्याकाळपर्यंत लघवी नीट सुरू झाली नाही तर डायलिसिससाठी पुण्याला हलवावं लागेल. त्यामुळे पुढचा सगळा वेळ आमच्या कुटुंबाचं लक्ष एका प्लॅस्टिकच्या पिशवीकडे लागलं. ती आबांच्या खाटेला खाली लटकत होती आणि तिच्यात तळाला गडद चहासारखं चार घोट काहीतरी होतं. सासूबाई खुर्ची तिच्यासमोर मांडून बसल्या. दूध उतू जाऊ नये म्हणून जशा बसायच्या तशाच, फक्त इथे ते चढावं म्हणून. औंढ्याहून फोन येत होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "झाली का?" मावशींनी तर दिवसातून सहा वेळा विचारलं. गावात या विषयावर एवढी उघड चर्चा पूर्वी कधी झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "चढतंय," त्या म्हणाल्या. मी खाली वाकून बघितलं. खरंच चढत होतं. रंगही फिका होत होता. नर्स आली, तिने मोजलं, आणि "चांगली आहे की" म्हणाली. मी तिच्या पाया पडायची बाकी होते.

मी नवऱ्याला फोन लावला. शिफ्ट सोडता न आल्यामुळे तो कंपनीत अडकला होता. मशिनच्या आवाजात त्याला नीट ऐकू येईना, म्हणून मी ओरडले, "झाली!" तोही ओरडला, "झाली? खरंच झाली?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्या लोकांनी एवढंच ऐकलं. सुपरवायझरने येऊन त्याचा हात हातात घेतला, म्हणाला, मुलगी म्हणजे लक्ष्मी. कॅन्टीनमधून पेढे आले. नवऱ्याच्याने त्या वेळी खुलासा करवला नाही. पुढे महिनाभर त्याला बारसं कधी म्हणून विचारत होते.

दहाव्या दिवशी आबांना घरी सोडायचं ठरलं. चेहरा निम्मा झाला होता, पण तोंड पूर्ववत चालू होतं. डॉक्टर कागद लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली.

"काका, एक सांगा. चार दिवस घरी का काढलेत? थोडक्यात वाचलात तुम्ही."

मी पुढे झाले. हे मीच सांगायचं असं मी दहा दिवस ठरवत होते. वाक्यही तयार होतं. "डॉक्टर, ते मी," एवढं मी म्हटलं, आणि आबांनी मला मध्येच तोडलं.

"माझीच चूक झाली बाई. सून रोज फोन करून सांगत हुती, आबा डाक्टरकडं जावा, रगात तपासा. मीच म्हनलं, लावणी उरकू दे. अडाणी मानूस मी."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसल्या. "तरी म्हटलं, घरात सायन्सची टीचर असून असं कसं झालं." खरं बोलायला फार तर पाच सेकंद लागली असती. ती पाच सेकंद मी माझ्या पर्सची चेन लावत उभी राहिले.

रिक्षात आबा मध्ये, सासूबाई एका बाजूला, मी एका बाजूला. स्टेशन मागे पडलं. मग राहवेना.

"आबा, खोटं कशाला बोललात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सगळ्यात सोपं गणित मला येत नव्हतं.

"तुझ्या शाळंतली प्वारं ह्याच दवाखान्यात येत्यात न्हवं? बाईनंच सासऱ्याला घरी बसवलं, असं त्यांच्या आयांला कळलं, तर तुझं पुढं कोण ऐकंल? आन तू शिकवतीस त्ये तर खरंच हाय. सर्दीला कॅप्सूल न्हाईच लागत. एक डाव चुकली म्हणून काय शिकवायचं सोडनार हायेस?"

मी तोंड बाहेर वळवलं. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा सावकाश घ्या, आत पेशंट आहे. पेशंट चांगला खुशाल होता, सासूबाईंना रस्त्यावरचे बंगले दाखवत होता. रडत मी होते.